वाचकांचे प्रश्न : कामाच्या दिवसातली भक्ती

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. ती वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी उपासनामंदिराच्या पायऱ्या उतरल्यानंतर सोमवारपासून शनिवारपर्यंत विश्वास कसा जगावा, हीच विचारणा प्रत्येकात आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. पाळक म्हणून मी ज्या मंडळ्यांत सेवा केली, तेथे हे प्रश्न मला बहुधा उपासना संपल्यावर, दाराशी चपला घालताना, दबक्या आवाजात विचारले जात. ते उघडपणे विचारले जावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

प्रश्न : मी पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. पाळ्या दर आठवड्याला बदलतात आणि महिन्यातले दोन तरी रविवार ड्यूटीत जातात. घरी दोन शाळकरी मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. लग्नापूर्वी मी पहाटे उठून तासभर शास्त्रवाचन व प्रार्थना करीत असे. आता रात्री बायबल उघडले की चार वचने वाचून होण्याआधी डोळा लागतो. मंडळीतल्या बहिणी 'हल्ली दिसत नाही तुम्ही' असे म्हणतात तेव्हा मनाला लागते. माझी भक्ती आटली आहे का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचताना मला माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारातली एक रात्र आठवली. त्यांना पाणी द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि त्यांचे ओठ कोरडे पडून भेगाळले होते. रात्री दोनच्या सुमारास पाळीवरच्या सिस्टर आल्या. त्यांनी वाटीत थोडे पाणी घेतले, बोटाला गॉजचा बोळा गुंडाळला आणि आधी ओठ, मग जिभेचे टोक, असे हलक्या हाताने ओले केले. तो बोळा टाकून दुसरा घेतला आणि पुन्हा ओले केले. त्या काही बोलल्या नाहीत. त्या कोणत्या धर्माच्या होत्या हेही मला ठाऊक नाही. मात्र सकाळपासून वडिलांच्या उशाशी बसून मी जेवढ्या प्रार्थना केल्या होत्या, त्यांतली एक त्या हातांनी पुरी केली, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. आजाऱ्याच्या समाचाराला जो गेला तो माझ्याच समाचाराला आला, असे प्रभूने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे. ते तुमच्या वॉर्डात दर पाळीला घडते, आणि घरी सासूबाईंची कूस बदलतानाही घडते.

म्हणून भक्तीचा तास गेला तेव्हा भक्तीही गेली, हे तुमचे अनुमान मला मान्य नाही. आपल्याकडे भक्तीचे मोजमाप तासांनी आणि हजेरीने करण्याची सवय पडली आहे, पण आपल्याच भूमीतला अनुभव वेगळा आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०० च्या सुमारास दीड हजारांच्या आसपास स्त्रिया व मुली राहत होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेचे जे मोठे जागरण झाले त्याची वार्ता परदेशांपर्यंत पोहोचली. पण त्याच आवारात शेती होती, गाईगुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता आणि छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीतल्या स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवून तेथेच छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. शाईने काळी झालेली बोटे आणि प्रार्थनेत जोडलेले हात हे त्या आवारात एकाच बाईचे असत.

सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक मठवासी होऊन गेले. ते पूर्वी शिपाई होते, एका पायाने अधू झाले होते आणि त्यांचे शिक्षण बेताचे होते. मठाने त्यांना स्वयंपाकघरात नेमले. ते काम त्यांना मुळात आवडत नसे, तरी त्यांनी ते वर्षानुवर्षे केले आणि पुढे मठातल्या लोकांच्या वहाणा दुरुस्त केल्या. भांड्यांचा खडखडाट चालू असताना आणि चार माणसे एकदम चार गोष्टी मागत असतानाही देव आपल्याजवळ तितकाच आहे, जितका तो गुडघे टेकलेले असताना असतो, असा त्यांचा अनुभव होता. मला त्यांच्याविषयी विशेष हे वाटते, की त्यांनी कामाच्या वेळातून प्रार्थनेसाठी वेळ चोरला नाही. जे काम हातात होते तेच देवाला सांगत सांगत केले.

तुम्हाला हे कसे करता येईल, याविषयी एक सुचवतो. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना तुम्ही हात धुता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. प्रभूची प्रार्थना सावकाश, शब्दाचा अर्थ मनात घेत म्हटली तर जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. नळाखाली हात धरले की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' हे शब्द मनात सुरू करावेत, आणि रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी आल्यावर ज्या रुग्णाकडे आपण निघालो आहोत त्याचे नाव घ्यावे. आठ तासांच्या पाळीत हे किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. नहेम्याने राजाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, असे शास्त्र सांगते. राजा उत्तराची वाट पाहत समोर बसला होता आणि नहेम्या त्याचा प्यालेबरदार म्हणून उभा होता. म्हणजे ती प्रार्थना एका श्वासाएवढीच असणार, आणि तरीही ती ऐकली गेली.

परंतु याची दुसरी बाजूही मला सांगितलीच पाहिजे. 'माझे काम हीच माझी भक्ती' असे म्हणून एकांत सोडून देणाऱ्या अनेक भल्या माणसांना मी आतून कोरडे होताना पाहिले आहे, आणि त्यांत पाळकही होते. कफर्णहूम गावी संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले आणि प्रभूने पुष्कळ आजाऱ्यांना बरे केले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे मार्क लिहितो. इतके काम केल्यानंतर त्यालाही एकांत लागला, मग आपल्याला तो लागणारच. मात्र तो रात्रीच मिळवला पाहिजे असे नाही. रात्री तुम्ही झोपा. चौथ्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता स्वस्थपणे पडतो आणि लगेच झोपी जातो. त्याने ती झोप देवाच्या हातून घेतली आहे. वाचनासाठी बसमधला वेळ किंवा ड्यूटीवर जाण्याआधीची दहा मिनिटे राखावीत आणि रोज नवा अध्याय उरकण्यापेक्षा एकच स्तोत्र आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचावे.

ज्या रविवारी ड्यूटी असेल त्या आठवड्यात सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन, सासूबाईंच्या खाटेजवळ बसून, एक गीत, एक उतारा आणि एक प्रार्थना एवढी कुटुंब-उपासना करा. सासूबाईंसाठी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर व पेला, घरी आणण्याची विनंती आपल्या पाळकांना अवश्य करा. ते त्यांचे कर्तव्य आहे, तुमच्यावर उपकार नव्हे. आणि मंडळीतल्या बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे की, 'दिसत नाही' असे विचारण्याऐवजी त्यांनी एखाद्या दुपारी या ताईंच्या घरी जाऊन दोन तास सासूबाईंजवळ बसावे.

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझी बेकरी आहे. खारी, नानखटाई, केक असा माल असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलण्याची रीत आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे. अर्ध्या किलोच्या खोक्याचे वजन ६५ ग्रॅम भरते. डिसेंबरात रोज अशी ४० तरी खोकी जातात. गावातले सगळेच असे तोलतात आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असते. नाताळात मी मंडळीला ११,००० रुपये देणगी देतो. परवा उपदेशात खऱ्या मापाचा विषय निघाला आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही. हे पाप म्हणावे की व्यवहार?

उत्तर : भाऊ, हे चुकीचे आहे. कायद्याच्या दृष्टीनेही मालाचे वजन वेष्टन वगळूनच धरायचे असते. पण तुम्ही कायदा विचारलेला नाही, म्हणून आपण आधी हिशेब करू. तुम्ही भाव कळवलेला नाही, तेव्हा किलोला ४०० रुपये धरतो. ६५ ग्रॅमचे २६ रुपये होतात. म्हणजे दर खोक्यामागे गिऱ्हाइकाने २६ रुपयांचा पुठ्ठा नानखटाई समजून विकत घेतला. चाळीस खोक्यांचे १,०४० रुपये होतात आणि डिसेंबरच्या पहिल्या २४ दिवसांचे २४,९६० रुपये होतात. त्यानंतर तुम्ही ११,००० रुपये देवाच्या मंदिरात आणता. ही देणगी तुम्ही मनापासून देता याविषयी मला शंका नाही. परंतु ती रक्कम खरोखर कोणाच्या खिशातून आली, हे तुमच्या मनाने ओळखले आहे आणि म्हणूनच झोप लागत नाही. ही अस्वस्थता देवाने दिलेली आहे. ती औषधाने किंवा वाढीव देणगीने शमवू नका.

पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने ठेवू नयेत, असे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे म्हणतात. आमोस संदेष्टा तर अशा व्यापाऱ्यांविषयी बोलतो, जे शब्बाथ कधी संपेल आणि माप लहान करून धान्य कधी विकता येईल याची वाट पाहत उपासनेत बसलेले असतात. या वचनांत मूर्तीपुढे झुकणाऱ्यांचा उल्लेख नाही. नियमितपणे उपासनेला येणाऱ्या लोकांनाच ही सांगितलेली आहेत. मला नेहमी वाटते की आपल्या उपदेशांत तराजूचा विषय वर्षातून एकदा निघतो, तो महिन्यातून एकदा निघाला पाहिजे, कारण पवित्र शास्त्रात तो वारंवार येतो.

'गिऱ्हाइकाला ठाऊक असते' हे तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे. काहींना ठाऊक असते आणि बोलून उपयोग नाही म्हणून ते गप्प राहतात. नातवासाठी पाव किलो खारी नेणाऱ्या म्हातारीला ते बहुधा ठाऊक नसते, आणि लहान खोक्यात पुठ्ठ्याचा वाटा आणखी मोठा असतो.

आता करायचे काय, तर ते सोपे आहे. रिकामे खोके काट्यावर ठेवून 'टेअर'चे बटण दाबले की आकडा शून्यावर येतो. मग माल भरावा. खोक्याचा खर्च भरून काढण्यासाठी भाव उघडपणे वाढवा आणि 'वजन खोक्याशिवाय' अशी पाटी गल्ल्याजवळ लावा. शेजारच्या दुकानाचा भाव कमी दिसेल आणि काही गिऱ्हाइके तिकडे जातील. प्रामाणिकपणामुळे धंदा वाढेलच, असे आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, कारण प्रभूने तसे दिलेले नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. तुम्हाला इतक्या वर्षांची गिऱ्हाइके शोधता येणार नाहीत, पण यंदाच्या डिसेंबरात तुम्हाला प्रत्येक खोक्यात मापावर दोन नानखटाया जास्त घालता येतील. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला हे का चालले आहे ते शब्दांत सांगा, नाही तर तुम्ही दुकानात नसताना जुनी रीत परत सुरू होईल. आणि ओघाने आले म्हणून विचारतो : पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्या कामगारांना त्या महिन्यातल्या जादा तासांची मजुरी मिळते ना? अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब लिहितो.

प्रश्न : आम्ही ठाण्यात एका सोसायटीत राहतो. शेजारच्या काकूंनी माझ्या बाळंतपणात आईसारखे केले. त्या सत्यनारायणाचा प्रसाद आणि गणपतीत उकडीचे मोदक आवर्जून आणून देतात. सासूबाई म्हणतात की ते घरात घ्यायचे नाही. मी काकूंपुढे हसून घेते आणि मागाहून कामवाल्या मावशींना देऊन टाकते. दोन्हीकडे खोटे वागल्यासारखे वाटते. ख्रिस्ती माणसाने प्रसाद खावा की नाही?

उत्तर : या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही, हे आधीच सांगतो, मी माझे मत देईन आणि ते कशावर उभे आहे तेही सांगेन. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच पेच होता. बाजारात विकले जाणारे पुष्कळसे मांस आधी देवळात अर्पण झालेले असे. पौलाने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. मूर्तीत काही नाही आणि अन्न देवाचे आहे, म्हणून बाजारात मिळते ते मनाला टोचणी न लावता खावे. मात्र ज्याच्या मनाला ते टोचते अशा भावाला आपल्या खाण्याने ठेच लागत असेल, तर त्याच्यासाठी ते सोडावे. आणि प्रत्यक्ष त्या पूजेत भाग घेणे ही वेगळी गोष्ट आहे. प्रभूच्या मेजावर आणि त्या मेजावर असे दोन्हीकडे बसता येत नाही.

याप्रमाणे पाहता, तुमचे मन स्वच्छ असेल तर काकूंचा मोदक काकूंच्या मायेसाठी खाण्यात मला दोष दिसत नाही. तुमच्या सासूबाईंच्या मनाला ते टोचत असेल तर त्यांच्यासमोर खाऊ नका, त्यांना आग्रह करू नका आणि त्यांना मागासलेल्या समजू नका. अन्नाविषयीची मनाची धारणा सावकाश बदलते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. पुढे त्या टिळकांजवळ अहमदनगरला राहायला आल्या, तेव्हाही त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते; कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातला भेद त्यांच्याच विचाराने गळून पडला, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. तो काळ टिळकांनी वाट पाहण्यात घालवला. तुमच्या घरातली बाजू उलटी आहे, पण लागणारा धीर तोच आहे.

जे मला मुळीच पटत नाही ते म्हणजे हसून घेणे आणि मागाहून देऊन टाकणे. जे अन्न तुम्ही स्वतःसाठी योग्य मानत नाही ते मावशींसाठी योग्य कसे मानता? तुमचे मन तयार नसेल तर काकूंना जवळ बसवून सांगा, की 'काकू, तुमचा जीव मला कळतो, पण पूजेतले आम्ही खात नाही. तुम्ही पूजेआधी बाजूला काढलेला एक मोदक मला दिलात तर मी आनंदाने खाईन.' इतकी वर्षे माया करणारी बाई एवढ्याने दुखावत नाही; तिच्या पाठीमागे काय होते हे तिला दुसऱ्याकडून कळले तर मात्र ती दुखावेल. आणि आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. नाताळात करंज्या, केक आणि चकलीचे ताट सर्वांत आधी त्यांच्या दारी गेले पाहिजे, तेही घाईने दारातून न देता आत बसून, त्यांच्या विचारपुशीसह.

प्रश्न : मी निवृत्त आहे. रोज सकाळी शंभरेक लोकांना बायबलचे वचन मोबाइलवर पाठवतो. ही सुवार्तासेवा म्हणता येईल का?

उत्तर : वचन पाठवणे चांगले आहे. पण शंभर जणांना एकच वचन पाठवताना त्यांतल्या कोणाचा चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे असतो, हे पाहा. माझी सूचना अशी आहे की आठवड्यातून एक दिवस वचन पाठवू नये आणि त्या वेळात त्या शंभरांपैकी दोघांना फोन करावा. नुकतीच पत्नी गेलेला एखादा मित्र, परगावी एकटा राहणारा भाचा, पेन्शनची कागदपत्रे अडलेले शेजारी, असे कोणी तरी त्यांत असणारच. फोनवर आधी त्यांचे ऐकावे. वचन आपोआप सुचेल, आणि ते त्याच माणसासाठी निवडलेले असेल.

प्रश्न : मी श्रीरामपूर भागातला शेतकरी आहे. वडील गेल्यावर बांधावरून थोरल्या भावाशी वाद झाला. सात वर्षे बोलणे नाही. आम्ही दोघे एकाच मंडळीत आहोत. तो उजवीकडे बसतो, मी डावीकडे. दोघेही प्रभुभोजन घेतो. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हाही मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि या वेळी पेला हातात घेण्याची भीती वाटते. घ्यावे की नाही?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातला बांध मी डोळ्यांपुढे आणू शकतो. माझ्या मंडळ्यांत अशी कुटुंबे होती, आणि एका घरी तर धाकट्याच्या अंत्यविधीच्या दिवशी थोरला प्रथम बोलला. तेव्हा त्याच्यापुढे ऐकणारा कोणी नव्हता. तुमच्या हाती अजून वेळ आहे.

वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. या आज्ञेतला एक शब्द आपण वाचताना नेहमी ओलांडून जातो. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल' असे तेथे म्हटलेले नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल' असे म्हटले आहे. चूक कोणाची, हा प्रश्न त्या पायरीवर विचारलेलाच नाही. ज्याला आठवण झाली त्याने निघायचे आहे, आणि या वेळी ती आठवण तुम्हाला झाली आहे.

प्रभुभोजन टाळावे, असे मी म्हणणार नाही. सात वर्षांत एवढ्या एका गोष्टीने तुम्ही दोघे अजून एका मेजाशी बांधलेले आहात. घाबरून ते सोडले तर पुढचा महिना, मग त्याच्या पुढचा, असे सुटत जाते. पौलाने आत्मपरीक्षा करून मग भाकर खावी असे लिहिले आहे. परीक्षा करून दूर राहावे असे लिहिलेले नाही. तेव्हा पहिल्या रविवारच्या आधी भावाकडे जा.

कसे जावे याविषयी मात्र माझा अनुभव नीट ऐका. जाताना सातबाराचा उतारा खिशात घेऊ नका आणि मध्यस्थ म्हणून कोणाला बरोबर नेऊ नका, मलाही नव्हे. बांधाचा विषय त्या दिवशी काढू नका. जमिनीचा निवाडा वेगळा आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घेता येते, आणि ती दोघांच्या संमतीने झाली तर तिचा निकाल दोघांनाही पचतो. क्षमा करणे म्हणजे आपला हक्काचा तुकडा सोडणे, असे काही उपदेशक सांगतात. ते मला शास्त्रात आढळत नाही. हक्क राहील, फक्त तो भावाच्या दाराआड येता कामा नये. आणि भाऊ बोललाच नाही तर? रोमकरांस पत्रात पौलाने 'शक्य असल्यास' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' असे दोन शब्दप्रयोग एकाच ओळीत योजले आहेत. दार उघडणे तुमच्याकडे आहे. त्याने आत ये म्हणणे त्याच्याकडे आहे. पहिल्या खेपेला तो नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

बायकोला आधी सांगा, कारण सात वर्षांत तिच्या आणि वहिनीच्या मनातही पुष्कळ साचले असेल, आणि ती बरोबर यायला तयार असेल तर दोघे जा. संध्याकाळी दूध काढून झाल्यावर, भाऊ घरी असतो त्या वेळी जावे. किटलीत म्हशीचे दूध घ्या. ऑपरेशनच्या माणसाला ते लागते आणि हातात काही असले म्हणजे उंबऱ्याशी उभे राहणे सोपे जाते. वहिनींनी दार उघडले तर किटली त्यांच्या हाती द्या, आत गेल्यावर भावाच्या खाटेजवळ जमिनीवर बसा आणि गुडघा आता किती वाकतो, एवढेच विचारा.